आठ मिलिमीटरची माणसं

मॉडेलमध्ये एकही माणूस बसलेला नव्हता. गोष्ट एवढीच, पण तीन आठवडे झाले, पायात कुसळ मोडावं आणि चष्मा लावूनही दिसू नये तशी ती सलते आहे. गावाचं नाव लिहीत नाही. गोव्यात कोण कुणाचा कोण निघेल सांगता येत नाही. त्या दिवशी सभागृहात खुर्च्या मांडणारा मुलगासुद्धा माझ्या नणंदेच्या शेजारचा निघाला. तर आमच्या शहराचा जुना बसस्टँड, त्यामागचं पडीक गोदाम आणि तिथून खाडीपर्यंतची सगळी जागा मिळून मोठा पुनर्विकास व्हायचा आहे, त्याचं सादरीकरण होतं. खाली दुकानं, त्यावर ऑफिसं, त्यावर फ्लॅट, पोटात दोन मजले पार्किंग. बसस्टँड एका कोपऱ्यात सरकून त्याचं 'मोबिलिटी हब' होणार आणि हबपासून रेल्वे स्टेशनापर्यंत खाडीच्या काठाने 'ट्रेल' जाणार. टेबलावर काचेच्या पेटीत मॉडेल होतं. खाडीच्या जागी निळं ॲक्रिलिक, झाडांच्या जागी हिरवा रंगवलेला स्पंज आणि सगळीकडे पेरलेली पांढरी प्लास्टिकची माणसं. मॉडेल 1:200चं. त्या मापात माणूस आठ मिलिमीटरचा होतो, उकड्या तांदळाच्या दाण्याहून जरासा मोठा. मी वाकून ती मोजली. दोनदा मोजली तर दोन आकडे आले, पण दीडशेच्या आतबाहेर असावीत. चालणारी होती, सायकलवरची होती, कुत्र्याला फिरवणारी होती, बाबागाडी ढकलणारी एक बाई होती. बाकावर, पायरीवर, कठड्यावर मात्र कोणी टेकलेलं नव्हतं. हबच्या छपराखाली एक बस उभी होती आणि तिच्या आसपास चिटपाखरू नव्हतं.

बसस्टँडवर कोणी वाट बघत नव्हतं.

हे माझ्या नजरेत भरलं, कारण मी जन्मभर नकाशे काढले. पणजीतल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी ड्राफ्ट्समन होते. बाई असले तरी 'ड्राफ्ट्समन'च. पगाराच्या वहीतही तसंच लिहिलेलं. ट्रेसिंग पेपर, टी-स्क्वेअर आणि रॉट्रिंगची पेनं. बाहेरची भिंत जाड पेनाने, आतली त्याहून बारीक, फरश्यांच्या रेघा सगळ्यात बारीक पेनाने. शाई धरली नाही की पेन कानाजवळ नेऊन हलवायचं, आतलं वजन टकटक वाजलं तर पेन जिवंत. रेघ चुकली की अर्ध्या ब्लेडने कागद न फाडता शाई खरवडून काढायची, आणि पावसाळ्यात कागद दमट झाला की तेही जमायचं नाही. अमोनिया प्रिंट काढणाऱ्याकडून नकाशे आले की तासभर डोळ्यांतून पाणी. झाडांसाठी प्लास्टिकची टेम्प्लेट असायची, निरनिराळ्या आकाराच्या गोल भोकांची. साहेब म्हणायचे, क्लायंटला जरा हिरवं दाखवू या. मग जिथे सेप्टिक टँक येणार तिथेही मी आंब्याएवढं वर्तुळ काढून मोकळी व्हायची. कोणाला फसवतोय असं तेव्हा वाटलं नाही. माणसं सगळ्यात शेवटी यायची, तीही इमारत किती उंच आहे ते कळावं म्हणून. बसलेल्या माणसावरून उंचीचा अंदाज येत नाही, म्हणून माणूस उभाच काढायचा. म्हणजे त्या मॉडेलवाल्या पोरांनी काही कट केलेला नाही. त्यांनी तेच केलं, जे मी वर्षानुवर्षं केलं.

तरीही सलतंच.

आता जुन्या स्टँडबद्दल खरं बोलायचं तर तो पाडायला मीच पहिली पहार देईन. पावसाळ्यात छपराच्या पत्र्यातून नेमक्या बाकांवरच धार लागते. चार बाकांपैकी दोहोंच्या फळ्या गेलेल्या, उरलेल्या दोहोंवर कुत्रे. फलाटाच्या कडेला सांडलेल्या डिझेलवर पावसाचं पाणी साचतं आणि त्यावर इंद्रधनुष्य तरंगतं. माझी लेक लहान असताना ते बघायला हट्टाने थांबायची. बायकांच्या संडासाबद्दल लिहिणार नाही. सासूबाई त्या पायऱ्यांवरून घसरून पडल्या, माकडहाड दुखावलं, त्यानंतर त्या बसने कुठे गेल्याच नाहीत. पण त्याच स्टँडवर मे महिन्यात पानाच्या द्रोणातली करवंदं मिळतात, अबोलीच्या फाती, म्हणजे गजरे, विकणारी बाई सकाळी सातला येते, आणि कोपऱ्यावरच्या गाड्यावर पातळ भाजी-पाव खाऊन दिवस सुरू करणारे निदान शंभर जण असतील. दुपारी अडीचच्या सुमाराला नुस्तेकारणी, म्हणजे मासे विकणाऱ्या बायका, टोपल्या उताण्या करून त्यावर बसतात, पानाचा डबा उघडतात आणि सुनांची गाऱ्हाणी सुरू होतात. हे सगळं दोन बसच्या मधल्या वेळात चालतं. बस वेळेवर येऊ लागल्या तर त्यातलं काय उरेल, हा प्रश्न मी सभागृहात विचारला असता तर लोक हसले असते. बस वेळेवर याव्यात, यासाठीच तर आम्ही जन्म काढला.

वाट बघण्याचं माझं शिक्षण झालं मांडवीच्या पलीकडे, पणजीसमोरच्या बेतीच्या धक्क्यावर. माहेर म्हापशाला, नोकरी पणजीला. 5 जुलै 1986ला मांडवीवरचा पूल कोसळला, तेव्हा नोकरीला लागून मला वर्षही झालं नव्हतं. त्या दिवसापासून सगळा उत्तर गोवा फेरीबोटीवर आला. बेतीला रांग लागायची ती वळून वळून रस्त्यावर. वरून जुलैचा पाऊस, खाली मांडवीचं मातकट पाणी, आणि बोट पलीकडच्या काठावरून सुटली की नाही हे बघायला उंचावलेल्या माना. पण महिन्याभरातच काय झालं, तर त्या रांगेला बाजार चिकटला. कोणी नकाशा काढला नव्हता. चण्यावाला आला, आम्लेट-पाववाला आला, छत्र्यांच्या काड्या बसवून देणारा आला, वर्तमानपत्रवाला तर दोन्ही काठांवर. एक म्हातारा पिंपाचं झाकण पालथं घालून त्यावर चपला शिवायचा. रांगेत माझी ज्यांच्याशी ओळख झाली, त्यांतल्या एकीच्या भावाशी पुढे माझं लग्न झालं, म्हणजे हे गाव, ही खाडी आणि हा बसस्टँड माझ्या वाट्याला आला तोही त्या रांगेतूनच. पुढे नवा पूल झाला आणि बाजार पाण्यावरच्या फेसासारखा विरून गेला. मला त्याचं वाईट वाटलं होतं का? छे. पहिल्यांदा पुलावरून बस पाच मिनिटांत पलीकडे गेली, तेव्हा मी खिडकीतून फेरीबोटीकडे बघून मनातल्या मनात जीभ दाखवली होती. त्या रांगेची आठवण यायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

सादरीकरण करणारा मुलगा चांगला होता. बंगळूरहून आलेला, स्वच्छ इंग्रजी, मधूनमधून हिंदी, आणि शेवटी आभाराचं 'देव बरें करूं' म्हणायला शिकलेला. पडद्यावर त्याने आमच्या शहरावर वर्तुळं काढली. स्टेशन किंवा स्टँड मध्ये धरून पाचशे ते आठशे मीटरचं वर्तुळ, म्हणजे माणूस सहज चालेल एवढं अंतर. त्यात दाटीने इमारती बांधा, घर-दुकान-ऑफिस एकत्र आणा, म्हणजे लोक गाड्या काढणार नाहीत. केंद्र सरकारच्या 2017च्या धोरणात हेच माप आहे, आणि विचारही चुकीचा नाही. आमचं स्टेशन मात्र स्टँडपासून किलोमीटरभर. मग दोन वर्तुळं काढली आणि ती एकमेकांत घुसवली. माझ्या शेजारी बसलेले निवृत्त मास्तर पुटपुटले, हा म्हणजे आमच्या पंचांगासारखा प्रकार झाला, मुहूर्त हवा असला की काढता येतो. गोव्यात हे एक दुखणंच आहे. स्टेशनं शहराला चिकटून येत नाहीत. कोकण रेल्वेची आखणी चालली होती तेव्हा, 1990च्या आसपास, मार्ग किनाऱ्याच्या बाजूने खाजनांतून, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनींतून, न्यावा की आत डोंगराकडून, यावरून केवढी रणं माजली. काम थांबलं, न्यायमूर्ती ओझांचा आयोग बसला, आणि अखेर गाडी आली ती पणजीला दूरचं करमळी स्टेशन दाखवून. बाहेरगावचा माणूस पणजी म्हणून उतरतो आणि समोर बघतो तर तळं, त्यात पाणकोंबड्या. मला विचाराल तर साऱ्या गोव्यात रेल्वेतून उतरून दहा मिनिटांत पक्षी बघत चालायला लागावं अशी हीच एक जागा, आणि ती कोणी ठरवून केलेली नाही.

'मिश्र वापर' हा शब्द त्या मुलाने इतक्या कौतुकाने उच्चारला की मला माझ्या पहिल्या ऑफिसाची आठवण झाली. पणजीच्या मळा भागातलं दुमजली घर. खाली शिंप्याचं दुकान, त्याच्या बाजूला किराणा. मधल्या काळोख्या लाकडी जिन्याने वर आलं की पुढच्या दोन खोल्यांत आमचं ऑफिस, मागे मालकीणबाई आणि तिची आंधळी बहीण. आमच्या ड्रॉइंग बोर्डाखालच्या फळ्यांमधून शिलाई मशीनचा आवाज यायचा, आणि साडेअकराला हुमणाचा, माशाच्या आमटीचा वास. मालकीणबाईची फोडणी पडली की साहेब पेन खाली ठेवायचे. पेद्रो शिंपी आठवड्याचं भाडं कधी पैशांत द्यायचा, कधी पडदे शिवून. मडगावच्या जुन्या बाजारात, म्हापशात, फोंड्याच्या वरच्या बाजारात, सगळीकडे हाच प्रकार. त्याला नाव नव्हतं. नव्या योजनेत मिश्र वापर आहे, पण तो थरांचा. तळमजल्यावर खरेदी, दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंत काम, त्यावर झोप. प्रत्येक थराला वेगळी लिफ्ट, वेगळं कार्ड. हुमणाचा वास ऑफिसात शिरणार नाही, याची काळजी आर्किटेक्टने घेतलेली आहे. आणि खरं सांगू, त्या वासाने मला कित्येकदा मळमळलंही होतं.

मग पडद्यावर अटलांटा आलं. तिथे जुन्या, वापरात नसलेल्या रेल्वेमार्गांचं शहराभोवती कडं होतं, सुमारे 35 किलोमीटरचं. रायन ग्रॅव्हेल नावाच्या विद्यार्थ्याने 1999 साली आपल्या पदव्युत्तर प्रबंधात कल्पना मांडली की या कड्यावरून ट्रान्झिट आणि पायवाट दोन्ही न्यावं, आणि शहर हळूहळू त्याच्या मागे गेलं. फोटो सुरेख होते. पोरं, सायकली, कॉफी, भिंतींवर चित्रं. घरी आल्यावर लेकीला म्हटलं, बघ गं जरा त्या माणसाचं पुढे काय झालं. तिने फोनवर शोधून वाचून दाखवलं. 2016 साली तो त्याच प्रकल्पाच्या एका मंडळातून राजीनामा देऊन बाहेर पडला. पायवाट झाली, तिच्या कडेची घरं महाग झाली, आणि परवडणाऱ्या घरांकडे पुरेसं लक्ष दिलं जात नाही म्हणून. मी गप्प बसले. ज्याने वाट काढली त्याच्यावरच ही पाळी. पडद्यावर हे नव्हतं, पण पडद्यावर सगळं कसं असेल? माझ्याही नकाशांवर सेप्टिक टँक दिसायचा नाही.

मात्र अटलांटाच्या वाटेला आणि आमच्या वाटेला एकच नाव देऊन चालणार नाही. तिथे खाली जुने रूळ होते. इथे ट्रेल म्हणून जी ठिपक्यांची रेघ दाखवली, तो खाजनाचा बांध आहे.

आमचे चुलतसासरे, सगळा वाडा त्यांना आबा म्हणायचा, त्या बांधावरचा मानस सांभाळायचे. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, मानस म्हणजे काहीतरी देवधर्माचं असणार. एका संध्याकाळी त्यांनी मला नेऊन दाखवला. चिऱ्यांच्या भिंतीत बसवलेल्या जाड लाकडी झडपा. भरती आली की खाडीचंच पाणी त्यांना ढकलून मिटवतं, खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने त्याच झडपा उघडतात आणि पावसाचं जास्तीचं पाणी बाहेर जातं. ना मोटर, ना माणूस. 'चंद्र काम करतो, मी मुकादम,' आबा म्हणायचे. मी नकाशे काढणारी, तरी असं साधं यंत्र मी कुठे पाहिलं नव्हतं. आत खारं सोसणारं कोरगुट भात, भात निघालं की पाण्यात कोळंबी, आणि मानसाच्या तोंडाशी जाळं लावायचा हक्क दरवर्षी लिलावात जायचा. त्या पैशांतून बांधाची डागडुजी. आबा रोज सकाळ-संध्याकाळ बांधावरून चालायचे. फिरायला म्हणून कधीच नाही. डोळे खाली, हातात काठी. खेकड्याचं बीळ दिसलं की काठी खुपसून खोली बघायची, तिथल्या तिथे चिखल भरायचा, पायाने दाबायचा. बोटाएवढ्या बिळातून भरतीच्या चार पाण्यांत बांध फुटतो आणि एकदा खारं पाणी आत शिरलं की ते शेत दोन-तीन पावसाळे भात देत नाही, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं की तोंडपाठ झालं. बांध चालून चालून घट्ट होतो, असंही म्हणायचे. म्हणून स्टेशनाकडे जाणाऱ्या लोकांना त्यांनी कधी अडवलं नाही. जा, जा, पाय लागू देत.

बांध असा पायांवर जगलेला आहे. नव्या योजनेत त्यावर पेव्हर ब्लॉक आहेत, दोन्ही बाजूंना स्टीलचे कठडे आणि दर पन्नास मीटरला सौरदिवा. दिसायला छान. पण ब्लॉकखालचं बीळ कोणाला दिसणार, आणि काठी कुठे खुपसणार? प्रश्नोत्तरांच्या वेळी मी हे विचारलं. तो मुलगा खरोखर थांबला, त्याने वहीत लिहून घेतलं, म्हणाला, मॅडम, हायड्रॉलॉजी कन्सल्टंटला सांगतो. तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं की शेत कोण करतंय आता, नुसती दलदल झालीय ती. तेही खोटं नाही. आबा जाऊन अठरा वर्षं झाली. मानसाच्या एका झडपेची फळी निखळली आहे, आत कांदळवन माजलंय, कुळांच्या टेनंट असोसिएशनची शेवटची सभा कधी झाली ते मलाही आठवत नाही. किनारी क्षेत्राच्या 2011च्या अधिसूचनेत गोव्याची खाजनं राखायची म्हणून वेगळं लिहिलेलं आहे. कागद राखतो तेवढं राखतो. काठी घेऊन चालणारा माणूस मात्र अधिसूचनेने जन्माला येत नाही.

पाण्यातली वाट म्हटलं की मला पणजी-रायबंदरचा जुना कॉजवे दिसतो. पोंत द लिन्यारेस, 1633-34 साली बांधलेला, तीनेक किलोमीटर, एका बाजूला मिठागरं. ऑफिस सुटल्यावर कधी मुद्दाम रायबंदरपर्यंत चालत जायची आणि तिथून बस पकडायची. मार्च-एप्रिलमध्ये मिठाचे पांढरे ढीग, त्यावर उतरतं ऊन, कमरेत वाकलेल्या बाया. जवळजवळ चारशे वर्षं त्याच्यावरून बैलगाड्या, मोटारी, ट्रक सगळं गेलं, आणि आता पहाटे तिथे भडक टी-शर्टवाले सायकलस्वार असतात. कॉजवेने काही तक्रार केलेली नाही. म्हणजे वाटेचा वापर बदलतो, बदलू द्यावा, हेही मला कळतं. त्या टी-शर्टवाल्यांत माझा भाचाही आहे.

या प्रकरणी माझे हातही कोरडे नाहीत. 2006च्या अखेरीस प्रादेशिक आराखड्याविरुद्ध लोक पणजीच्या आझाद मैदानावर जमले तेव्हा मीही ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले होते, आणि 2007च्या जानेवारीत तो आराखडा मागे घेतला तेव्हा पेढे वाटले होते. गंमत म्हणजे त्याच आराखड्याच्या भरवशावर रंगलेले दोन नकाशे माझ्या बोर्डावर अर्धे पडले होते. साहेबांनी पेढा खाल्ला आणि नकाशे गुंडाळून ठेवले. तेव्हा सगळं सोपं होतं. डोंगर कापणारे ते, आणि आपण. आता 17(2) आणि 39अ ही नगरनियोजन कायद्यातली, जमिनीचा झोन बदलू देणारी कलमं आमच्याकडे भाजी निवडताना बोलली जातात, जमिनीच्या उताऱ्याऐवजी झोनच्या गोष्टी होतात, कोणाचं ऑर्चर्ड सेटलमेंट झालं, म्हणजे बागायत बांधकामाची जमीन झाली, ते नवरात्रातल्या प्रसादाच्या रांगेत कळतं. पण स्टँड काही डोंगर नाही. शहराच्या मधोमध, बस-रेल्वेच्या शेजारी, आधीच काँक्रीट असलेल्या जागेवर उंच बांधा आणि बाहेरची शेतं-डोंगर सोडा, हे आम्हीच तर त्या काळी घसा फोडून सांगत होतो. आता कोणी ते ऐकतंय असं दिसलं, तर मी मॉडेलमधली माणसं मोजत बसले आहे.

शिवाय लेक. ती वेर्ण्याला नोकरीला आहे. रात्रीची पाळी सुटते तेव्हा बस नसते. गोव्यात आठनंतर बस शोधणं म्हणजे आषाढात करवंदं शोधणं. स्कूटरवरून येते. तिच्या स्कूटरचा आवाज गल्लीच्या तोंडाशी ऐकू येईपर्यंत मी दिवा मालवत नाही, आणि पावसाळ्यात हायवेवरचे खड्डे मी माझ्या डोळ्यांसमोरच मोजत असते. तिला त्या योजनेतला फ्लॅट हवा आहे. छोटा, एक बेडरूमचा, हबच्या डोक्यावर. 'आई, खाली उतरलं की बस. तुला काय हवंय आणखी?' खरंच, मला काय हवंय? दर अजून फुटलेला नाही, पण दिल्ली-मुंबईची माणसं चौकशी करून गेल्याचं किराणावाल्याने सांगितलं. ती सुट्टीला येतील, पंधरा दिवस राहतील. उरलेले साडेअकरा महिने त्या खिडक्या काळोख्या, आणि त्यांच्या काळोखाच्या भावाने माझ्या लेकीला घर घ्यावं लागणार. तिला मी हे म्हटलं तर म्हणाली, म्हणूनच लवकर नाव नोंदवायला हवं.

सूचना-हरकतींची मुदत काल संपली. काल दुपारीच गेले. मॉडेल अजून तिथेच होतं, काचेवर धूळ, आणि कोणाचीतरी छत्री त्यावर टेकवून ठेवलेली. तिचं पाणी ओघळून निळ्या ॲक्रिलिकच्या बरोबर वर साचलं होतं. हबच्या छपराखाली मी परत वाकून पाहिलं. एक माणूस आडवा पडला होता. डिंक सुटला असावा. बाकीच्या उभ्या माणसांत तो एकटाच निवांत दिसत होता. कारकुनाने फॉर्म दिला. नाव, पत्ता, हरकतीचं स्वरूप, आणि मालमत्तेचा सर्व्हे नंबर. मी म्हटलं, माझी तिथे जमीन नाही. तो म्हणाला, मग तुमचा संबंध काय? मी म्हटलं, मी तिथे बसते. त्याने मान वर करून पाहिलं, चांगला मुलगा होता, म्हणाला, मावशी, रकाना कोरा ठेवला तर सिस्टीम घेत नाही, काहीतरी घाला. मी आडवी रेघ ओढली. हात अजून स्थिर आहे, रेघ पट्टीने ओढल्यासारखी आली. हरकतीच्या जागी दोनच ओळी लिहिल्या: बांधावर माती राहू द्यावी. आणि स्टँडवर बसायची जागा नकाशात दाखवावी, बायकांसाठी आणि टोपल्यांसाठी, मापासकट. दर टोपलीमागे तीन फूट बाय तीन फूट. मापं मी आदल्या दिवशी टेप घेऊन घेतली होती. नुस्तेकारणींनी आधी खूप हसून घेतलं आणि मग टेपचं दुसरं टोक धरलं.

शिक्का मारून पोच घेतली आणि स्टँडवर आले तर पाच चाळीसची बस डोळ्यांसमोर सुटली. पाऊस तिरका येत होता, पत्र्यावर इतका आवाज की कंडक्टरांची 'पणजी पणजी' सुद्धा ऐकू येत नव्हती. बाकांवर धार, फलाटाच्या कडेला तेच तेलाचं इंद्रधनुष्य. लेकीचा मेसेज आला, नोंदणीची लिंक उघडलीय, तुझं नाव सहअर्जदार म्हणून टाकू का? मी पिशवी पोटाशी धरून उभीच होते. खांबाला टेकलेल्या म्हातारीने आपली रिकामी टोपली सरकवली, दुसरी उताणी करून हाताने पुसली आणि माझा पदर ओढला.

"बस गो बाय. बस येवंक अजून वेळ आसा."